भोयरे, अडसर आणि जयणा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा मनात अनेक विषय आले. प्रतिष्ठेचे दिवस, पहिले चातुर्मास, ध्वजारोहणाची मिरवणूक, या सर्वांवर या अंकात अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहेच. मी जो विषय घेत आहे तो मंगल प्रसंगी थोडा अप्रिय वाटेल. ज्या वास्तूची पन्नास वर्षे आपण साजरी करीत आहोत, त्या वास्तूत उद्या कोणी शस्त्र घेऊन शिरला तर काय, असा तो विषय आहे. आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अप्रिय वाटत नव्हता. मंदिराचा पाया खणतानाच ते त्याचे उत्तर खणून ठेवीत असत. म्हणून आरंभीच वाचकांची क्षमा मागून पुढे जातो.

बिरवाडीहून माणगाव, म्हसळा मार्गे समुद्राकडे गेले की श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर लागते. आपल्याच जिल्ह्यातील हे गाव. नोव्हेंबर १९९७ मध्ये तेथील एका सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात श्रीगणेशाचा सोन्याचा मुखवटा व अलंकार निघाले. किलोभराहून अधिक वजनाचा हा मुखवटा गावच्या मंदिरात दर्शनासाठी ठेवण्यात आला आणि पाहता पाहता दिवेआगरचे नाव महाराष्ट्रभर झाले. आम्ही बिरवाडीची चार-पाच कुटुंबेही त्या काळी एका सुट्टीत जीप करून गेलो होतो. मुखवट्याचे तेज आठवते, तसाच दारापाशी बसलेला एक रखवालदारही आठवतो. त्याने आमच्यातील मुलांना समुद्राकडे जाणारी जवळची वाट दाखविली होती. त्याच्या हाती काठी होती.

दिनांक २४ मार्च २०१२ च्या पहाटे त्या मंदिरावर दरोडा पडला. दरोडेखोरांनी रात्रीच्या पहाऱ्यावरील दोन रखवालदारांचे प्राण घेतले आणि मुखवटा नेला. पुढे पोलिसांनी टोळी पकडली, ऑक्टोबर २०१७ मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयाने मुख्य आरोपींना जन्मठेप दिली. मुखवटा मात्र तोपर्यंत वितळविला गेला होता. हाती लागले ते सोने. त्यातून पुन्हा मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची स्थापना झाली. सोन्याचे असे झाले. त्या दोन रखवालदारांच्या घरी परत काय गेले, याचा विचार बातमी वाचून झाल्यावर आपण फारसा केला नाही. मी पूर्वी पाहिलेला गृहस्थ त्या दोघांत होता की काय, हे मी कधी विचारायला गेलो नाही. धैर्य झाले नाही, असेच म्हणावे लागेल.

या घटनेत एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तांब्याच्या पेटीत घालून पुरलेली वस्तू हरवलेली नसते, ती ठेवलेली असते. कोणा पूर्वजाने काही भय ओळखून तो मुखवटा जमिनीत ठेवला आणि तो तेथे पिढ्यान्पिढ्या सुरक्षित राहिला. एकही पहारेकरी नव्हता, म्हणून एकाही पहारेकऱ्याचा बळी गेला नाही. बाहेर आल्यावर साडेचौदा वर्षांच्या आत दोन माणसे गेली.

लपविण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. पंढरपूर तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. त्या दिवसांत विठ्ठलमूर्ती पंढरपुरातून हलवून देगावी ठेवली होती. कोल्हापूरची महालक्ष्मी अशीच अनेक वर्षे पुजाऱ्याच्या घरी गुप्तपणे राहिली आणि १७१५ च्या विजयादशमीला छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत देवालयात परतली. (हे कोल्हापूरचे संभाजी महाराज, शिवछत्रपतींचे नातू. नावाच्या साम्यामुळे घोटाळा होतो.) या दोन्ही उदाहरणांत काय दिसते? दगडी देवालय शत्रूच्या वाटेवर सोडून दिले आणि ज्यासाठी ते बांधले होते तेवढे वाचविले. दारात लढून मरण्याचा हट्ट कोणी केला नाही. कोणी कोठे न्यायचे, कोणाच्या घरी, कोणी तोंड मिटून राहायचे, हे आधी ठरले होते. ठरलेले नसते तर एवढी गोष्ट एवढी वर्षे पोटात राहिली नसती.

आपल्या श्रीसंघाने तर या रीतीचे शास्त्रच केले. जुन्या जिनालयांत भोयरे असते, ते केवळ थंडावा मिळावा म्हणून नव्हे. राजस्थानात जैसलमेरच्या किल्ल्यात श्री संभवनाथ जिनालयाच्या खाली आचार्य जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात ज्ञानभांडार स्थापिले. ताडपत्रे आणि हस्तलिखिते तेथे वाकून शिरावे लागेल अशा अरुंद वाटेच्या आत ठेवली गेली. मुनिराज पुण्यविजयजींनी १९५० च्या सुमारास तेथे बसून त्यांची व्यवस्था लावली, तेव्हा शेकडो वर्षांपूर्वीची पाने अभ्यासकांना वाचता येण्याजोगी होती. मुंबईच्या पायधुणीवर १८१२ मध्ये प्रतिष्ठा झालेले श्री गोडीजी पार्श्वनाथ जिनालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. ते नाव आले थरपारकरातील गोडी येथून. तेथील मूळ प्रतिमा भयाच्या काळात वाळूत लपवून ठेवीत आणि यात्रेच्या वेळी बाहेर काढीत, अशी परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात ती दृष्टिआड झाली. लपविण्याला ही दुसरी बाजूही आहे. जाणणारी माणसे गेली की ठेवा त्यांच्याबरोबर जातो.

पण यातील सर्वांत मोठा धडा अहमदाबादचा आहे आणि तो सविस्तर सांगितला पाहिजे. नगरशेठ शांतिदास झवेरी यांनी बीबीपूर, म्हणजे आजचे सरसपूर, येथे श्री चिंतामणी पार्श्वनाथांचे भव्य जिनालय बांधले. काम १६२१ मध्ये सुरू झाले आणि १६२५ मध्ये प्रतिष्ठा झाली. १६३८ मध्ये आलेल्या मांडेलस्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने ते पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. १६४५ मध्ये शहजादा औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना त्या जिनालयाची विटंबना होऊन त्याची मशीद करण्यात आली. शांतिदास शेठ बादशहाचे जवाहिर पाहणारे, दरबारात वजन असलेले गृहस्थ. त्यांनी दंगा केला नाही. शहाजहानकडे दाद मागितली आणि १६४८ मध्ये फर्मान मिळविले की वास्तू शांतिदासांना परत द्यावी आणि तेथून नेलेले सामान भरून द्यावे. न्याय मिळाला, तरी त्या जागी पूर्वीची पूजा पुन्हा सुरू झाली नाही. मग प्रतिमांचे काय झाले? मोठ्या प्रतिमा शेठजींनी आधीच सुरक्षित हलविल्या होत्या. जमिनीखालच्या वाटेने त्या नगरात आणल्या, असे परंपरा सांगते. झवेरीवाडातील जिनालयांच्या भोयऱ्यांत त्या विराजमान झाल्या आणि आजही तेथे त्यांची पूजा चालते.

येथे दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. दरबारातील ओळख आणि कायद्याचा कागद हे एक रक्षण, भोयरे हे दुसरे. कागद तीन वर्षांनी आला. भोयरे त्याच दिवशी उपयोगी पडले. आणखी एक नोंद करावीशी वाटते. त्याच औरंगजेबाने बादशहा झाल्यावर १६६० मध्ये याच शांतिदासांना शत्रुंजय, गिरनार आणि आबू या तीर्थांबाबत सनद दिली. इतिहास आपल्या सोयीने एका रंगात रंगविता येत नाही, तो असा.

म्हणूनच हल्लेखोर म्हणजे अमुक एका धर्माचा माणूस, अशी समजूत करून घेणे चुकीचे तर आहेच, पण रक्षणाच्या दृष्टीने घातकही आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी आपल्या सैन्याला मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव न देण्याची सक्त आज्ञा दिली होती, हे त्यांच्याविषयी कटू लिहिणाऱ्या खाफीखानानेही नोंदविले आहे. उलट १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी साक्षात शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांना कारकळला जावे लागले, जेथे १४३२ पासून आपले भगवान बाहुबली उभे आहेत, आणि मठाच्या पुनःस्थापनेला साह्य केले ते टिपू सुलतानाने. दिवेआगरला आलेल्यांना देवाशी वैर नव्हते, सोन्याशी प्रेम होते. मनात द्वेष असलेला, लोभ असलेला, दारू प्यालेला आणि डोके फिरलेला, असे चारही येऊ शकतात. दाराला त्यांच्यातील फरक कळत नाही.

पूर्वीच्या आणि आताच्या काळात भेद आहे तो वेळेचा. फौज येत आहे ही वार्ता दोन दिवस आधी येई. गाडी जुंपायला, मूर्ती गुंडाळायला अवधी मिळे. आता येणारा मोटारीतून येतो आणि जे व्हायचे ते काही मिनिटांत होते. दिनांक २४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात दोन बंदूकधारी शिरले. तीसहून अधिक भाविक मरण पावले आणि कमांडोंची कारवाई दुसऱ्या दिवशी पहाटे संपली. त्या गोंधळात मुख्य मंदिराचे उंच दरवाजे वेळेत लावून घेतले गेले, म्हणून आत असलेली माणसे वाचली. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये, म्हणजे ज्यू धर्मीयांच्या प्रार्थनाघरात, हल्लेखोर शिरले, तेव्हा त्यांना अडविणारे दार नव्हते. तेथील धर्मगुरू व त्यांच्या पत्नीसह सहा जण गेले. त्यांचे दोन वर्षांचे बाळ वाचले ते सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल या बाईमुळे. ती आधी लपली होती, पण बाळाचा आवाज ऐकून बाहेर आली आणि त्याला उचलून निघाली. आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज आहे. अलिबागच्या त्यांच्या प्रार्थनामंदिरावर त्यानंतर ज्या काळजीने नजर ठेवली जाऊ लागली, तीमागे ही रात्र आहे.

परदेशातील तीन प्रसंग सांगतो, कारण त्यांतील तपशील आपल्या कामाचे आहेत. जर्मनीतील हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ रोजी ज्यू समाजाचा वर्षातील सर्वांत पवित्र उपवास होता. आपल्या संवत्सरीशी त्याचे बरेच साम्य आहे. तो दिवसही क्षमायाचनेचा. आत पन्नासच्या आसपास माणसे होती. बंदूकधाऱ्याने दारावर गोळ्या झाडल्या, ढकलून पाहिले. आतल्या रखवालदाराने ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले आणि सर्वांना सावध केले. लाकडी दार तुटले नाही. आतील सर्व वाचले. त्या माणसाने रागाने बाहेरच्या दोघांचे प्राण घेतले, ही त्या दिवसाची दुःखद बाजू. एक दार, एक कडी आणि ती लावण्याची शिस्त, एवढेच आत होते. आपल्या जुन्या वाड्यांना जाड फळ्यांचा दरवाजा आणि भिंतीत सरकणारा अडसर असे. नवी वास्तू उभारताना आपण तेथे काच बसविली, कारण ती सुंदर दिसते.

दुसरा प्रसंग अमेरिकेतील पिट्सबर्गचा, २७ ऑक्टोबर २०१८ चा. तेथे अकरा भाविक मारले गेले. तेथील धर्मगुरू विश्रांतीच्या पवित्र दिवशी मोबाइल जवळ ठेवीत नसत, धर्माज्ञाच तशी. परंतु सुरक्षेची माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याने काही काळापूर्वी त्यांना विनंती केली होती की तेवढा एक फोन जवळ असू द्या. त्याच फोनवरून त्यांनी पोलिसांना कळविले. सामायिक आणि प्रतिक्रमणाच्या वेळी आपण मोबाइल बाहेर ठेवतो ते योग्यच आहे. पण सामायिकात न बसलेल्या एका व्यक्तीकडे एक चालू फोन असावा, एवढी सोय त्यात करता येते.

तिसरा, विस्कॉन्सिन राज्यातील ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्याचा, ५ ऑगस्ट २०१२ चा. बाहेर खेळणाऱ्या मुलांनी बंदूकधाऱ्याला पाहिले आणि धावत आत येऊन सांगितले. लंगरच्या स्वयंपाकात असलेल्या स्त्रिया मुलांना घेऊन कोठीच्या खोलीत लपल्या. तेथील अध्यक्ष सतवंतसिंग कालेका यांनी हल्लेखोराला अडविण्याचा प्रयत्न करीत प्राण दिले. त्या दिवशी सहा जण गेले. कोठीची खोली सर्वांना माहीत होती, कारण ती रोजच्या कामाची जागा होती. संकटात माणूस ओळखीच्या जागेकडेच धावतो. नकाशातील बाणाकडे तो पाहत नाही.

येथे काही ज्येष्ठ श्रावक विचारतील की, भाऊ, आपला धर्म अहिंसेचा, आपण ही तयारी कशासाठी करायची? जे उदयाला यायचे ते येणारच. या शंकेला मी आदराने उत्तर देतो. शास्त्रकारांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले, ते उगाच नाही. ठरवून केलेली हिंसा श्रावकाने सोडावीच. आश्रिताच्या रक्षणात घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे त्यांनी जाणले होते. आबूची विमलवसही १०३१ मध्ये उभारणारा विमलशाह आणि श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींची प्रतिमा घडविणारा चावुंडराय हे दोघेही सेनापती होते. पण मला तेथवर जायचेच नाही. दार वेळेत लावणे, वृद्धांना मागच्या वाटेने बाहेर नेणे, पोलिसांना कळविणे, यांत हिंसा कोठे आहे? आपण पाणी गाळून पितो, दिवा झाकतो, पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहतो, तीच ही जयणा. मुंगीसाठी जी करतो ती पुजाऱ्यासाठी करू नये, असे कोणत्याही आगमात नाही.

आता घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावी, नाव घेत नाही, पर्युषणात सायंकाळचे प्रतिक्रमण चालू होते. मीही पाहुणा म्हणून बसलो होतो. दिवे मंद होते. एक अनोळखी माणूस हातात लोखंडी गज घेऊन उपाश्रयात शिरला आणि मोठ्याने बडबडू लागला. कोणीतरी ओरडले. सर्व एकाच दाराकडे धावले आणि ते दार आतल्या बाजूला उघडणारे होते. माणसांच्या रेट्याने ते उघडेचना. एक वृद्ध आजी खाली पडल्या, त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या त्या खिळल्याच. आणि तो माणूस? तो दारू प्यालेला होता. शेजारच्या बांधकामावरचा मजूर, वाट चुकला होता. एका श्राविकेने त्याला पाणी दिले, गज हातातून घेतला आणि तो पायरीवर बसून रडू लागला. त्याने कोणालाही स्पर्श केला नव्हता. आजींना जे झाले ते आम्ही केले. मी स्वतः कोणाचा हात धरला नाही, दाराकडे धावलो. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे.

बिरवाडीचा विचार करताना दुसरी एक आठवण टाळता येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वरंध घाटाच्या बाजूच्या तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी महाड पुराखाली होते, रस्ते तुटले होते, फोन लागत नव्हते. मदतीची पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. यात कोणाचा दोष सांगायचा नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, काळ आणि सावित्री या नद्यांच्या मध्ये राहणाऱ्यांना पावसाळा म्हणजे काय ते ठाऊक आहे. आणि आपले पर्युषण, आपले चातुर्मास नेमके पावसाळ्यात. औद्योगिक वसाहतीमुळे आपल्याकडे पोलीस ठाणे जवळ आहे, ११२ क्रमांकावर फोन करता येतो, हे भाग्यच. तरीही पहिली दहा मिनिटे आपली स्वतःची असतात, हे तळीयेने दाखविले आहे.

तेव्हा महोत्सवाच्या निमित्ताने माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती अशी की, पुढील पन्नास वर्षांचा विचार गर्भगृहापासून नव्हे, तर पहाटे पाच वाजता कुलूप उघडणाऱ्या माणसापासून सुरू करावा. प्रक्षाळाची तयारी करायला तो एकटा येतो. त्याच्या हाती किल्ल्या असतात, म्हणून जोखीमही त्याच्याच अंगावर असते. चांदीची आंगी, मुकुट आणि अलंकार उत्सवाच्या दिवशी वापरून त्याच दिवशी बँकेच्या लॉकरमध्ये जावेत. भांडाराची पेटी दर आठवड्याला दोघांच्या साक्षीने रिकामी व्हावी. आणि येथे रात्री काही नसते, हे गावाला माहीत असावे. ही आपली तांब्याची पेटी. रात्रीच्या पहाऱ्याला एक माणूस ठेवण्यापेक्षा रिकामे मंदिर ठेवणे अधिक दयेचे आहे, आणि माणूस ठेवायचाच तर दोन ठेवावेत, त्यांचा विमा उतरवावा. पंचधातूच्या प्राचीन प्रतिमांची छायाचित्रे, मापे आणि लेखांचे ठसे ट्रस्टच्या दप्तरी असावेत. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींच्या नोंदणीची तरतूद १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात आहेच. गोडीच्या प्रतिमेसारखे कोणा एकाच्या स्मरणावर काही राहू नये. साध्वीजी महाराज उपाश्रयात मुक्कामाला असतील तेव्हा जवळच्या दोन घरांनी रात्री फोन चालू ठेवण्याची जबाबदारी घ्यावी, कारण त्यांच्याजवळ फोन नसतो.

उपाश्रयाचे मागचे दार गेली काही वर्षे सतरंज्या आणि भोजनशाळेच्या पातेल्यांनी अडलेले आहे, हे आपण सर्वच पाहतो. ते मोकळे करून बाहेरच्या बाजूला उघडेल असे फिरवून घेण्यास एका सुताराचा एक दिवस पुरे. पर्युषणाच्या आदल्या रविवारी पाठशाळेच्या मुलांना घेऊन एकदा सर्वांनी त्या दाराने बाहेर पडून पाहावे. कोणी कोणत्या आजी-आजोबांचा हात धरायचा, हे त्याच दिवशी ठरावे आणि नावे फळ्यावर लिहावीत. पहिले नाव माझे लिहावे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.